पुराच्या वगळलेल्या खुणा

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय महांतेश,

पुण्याच्या बैठकीनंतर तुझे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. बोलायला लागले असते तर रडले असते, आणि ऑफिसात रडायची मला सवय नाही.

घरी सगळे बरे आहेत. ऑगस्टच्या पुरात पडलेली मागची भिंत दादांनी पुन्हा उभी केली. आई अजून विचारते, "त्यो निपाणीचा पोरगा कुठं असतोय गं आता?" तिच्या लेखी तू अजून कॉलेजातच आहेस, चुलीपुढं बसून दही-भाकरी खाणारा, "अव्वा, इन्नू स्वल्प" म्हणत आणखी थोडं मागायला ताट पुढं करणारा.

शेवटच्या वर्षी आपण नदीचं गणित कम्प्युटरात घालायला निघालो, तेव्हा सरसुद्धा हसले होते. नदीच्या खालच्या अंगाला, तुमच्या राज्यात, धरणाचं काम चालू होतं. ते भरल्यावर आपल्याकडचं पाणी किती वाढतं हे कळायचं, तर आधी जुना पूर कुठवर आला होता ते माहीत हवं. म्हणून तुझ्या एम-एटी गाडीवरून गावोगाव हिंडलो. आमच्या वस्तीत पिराजीआबांनी विहाराच्या भिंतीला हात टेकवून दाखवलं, "हितवर आलतं पाणी. माझ्या छातीला लागलं हुतं की!" दादांना सगळीच गंमत वाटायची. "कम्प्युटरला पवाय येतंय व्हय रं?" तू केवढा हसलास. लॅबमध्ये पडद्यावरचं निळं पाणी चढत चढत नेमकं आबांच्या खुणेपाशी थांबलं, तेव्हा तू माझा हात धरलास आणि सोडायचं विसरलास.

पुढचं आपण कधी बोललोच नाही. तू घरी आपल्याबद्दल सांगणार होतास. मग दानेश्वरीशी तुझं लग्न ठरल्याची पत्रिका आली. तुझ्या आईला आमच्या वस्तीतली सून चालणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तू घाबरलास, एवढंच मनाशी म्हटलं आणि तुला माफ केलं. खरंच केलं. पाटबंधारे खात्यात नोकरी लागली तेव्हा पहिला फोन तुलाच केला होता.

म्हणून पुण्यात दोन राज्यांच्या बैठकीत तू समोरच्या बाजूचा सल्लागार म्हणून उभा राहिलास, तेव्हा मला आधी आनंदच झाला. मी आमच्या साहेबांच्या मागं बसले होते. पडद्यावर नकाशा उमटला आणि मी ओळखला. आपलीच नदी, आपणच निवडलेले रंग. धरणाचा फुगवटा, म्हणजे मागं चढणारं पाणी, आमच्या गावांपर्यंत येतच नाही, पूर आला तो तुमच्याच पावसाचा, असं तू समजावत होतास. साहेबांनी जुन्या खुणांबद्दल विचारलं. तू शांतपणे म्हणालास, "ती तोंडी माहिती होती. विश्वासार्ह नसल्यामुळे वगळली." तेवढ्यात मी तुला दिसले, आणि तू घाईनं पुढचं चित्र लावलंस. साहेबांनी मान डोलावली. एरवी एकमेकांचं पाणीसुद्धा न पिणारे दोन्हीकडचे साहेब, कम्प्युटरनं काढलंय म्हटल्यावर गप्प झाले.

चहाच्या वेळी तू जवळ येऊन म्हणालास, "मनाला लावून घेऊ नकोस. टेबलाच्या या बाजूला असतीस तर तूही हेच केलं असतंस." तेव्हापासून मी त्या वाक्याशी भांडते आहे. विश्वासार्ह नाही कोण रे? पिराजीआबा? माझे दादा? ज्यांच्या घरी पोटभर जेवलास ती माणसं? लग्नाच्या वेळी तू मला एकटीला वगळलंस, ते मी सोसलं. या वेळी अख्खी वस्ती वगळलीस, आणि तीही आपण दोघांनी मांडलेल्या गणितातून.

वीस तारखेला पुढची बैठक आहे. पावसाळ्यात धरणात पाणी किती अडवायचं ते तिथं ठरणार. मी साहेबांना सगळं सांगितलंय. जुन्या खुणा घालून ते गणित पुन्हा केलंय. उत्तर सगळं आमच्या बाजूनं नाही. पुरात पावसाचा वाटा मोठा आहे, पण धरणाचाही आहे. दोन्ही मांडणार आहे. या खुणा कुणी गोळा केल्या असं विचारतील, तेव्हा माझ्याबरोबर तुझंही नाव घेईन, आणि त्या खऱ्या ठरल्याचं माहीत असून तू वगळल्यास हेही सांगेन. तुझं काम जाईल कदाचित. पुण्याला येण्याआधी तुला मला एक फोन करता आला असता. तू केला नाहीस. तुला मात्र हे बैठकीत, सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. त्याआधी तू स्वतः उठून हे सांगितलंस, तर मला तोंड उघडावं लागणार नाही. तसंच व्हावं असं मला अजून वाटतं, महांतेश, आणि अजून वाटतं याचाच जास्त राग येतो.

‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही,
दीक्षा