टाकीतल्या हवेचा गारवा

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. अक्षर वाकडं आलंय, ते मनावर घेऊ नका. तुमचा खोकला थांबला का?

कारखान्यात टाकीतली दाबलेली हवा सोडली की नळीच्या तोंडावर बर्फ धरतो. मिस्त्रींनी कारण विचारलं. मी म्हटलं, "बाबांच्या सायकलच्या दुकानात पाहिलंय. चाकातली हवा सोडली की बोटाला गार लागते. घाईनं पसरताना तिला बाहेरची ऊब मिळत नाही, म्हणून स्वतःचीच खर्च करते." मिस्त्री खूश झाले.

मग तुमच्यासारखं बोट लावून दाखवायला गेले. त्या बर्फाच्या गारठ्यानं बोटाला फोड आलाय.

आईला वाचून दाखवताना फोड गाळा. मध्येच का थांबलात विचारलं, तर खोकला आला म्हणा. तेवढा मात्र खोटा असू दे.

तुमची,
धाकटी