गडगडाटी कोपरा

ओसफोर्स,
१९ सप्टेंबर १९८६

चि. सोलवेग हिला,
गुनवोरताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं लेकरू पोचलं, जेवतंय, अंगानं धडधाकट आहे. डोक्याचं मी काही सांगू शकत नाही. तू त्याला इथल्या कागद-गिरणीच्या शाळेत घातलंस आणि राहायला माझ्याकडे ठेवलंस, इथवर ठीक. पण आठव्या दिवशी त्यानं बँड काढला. बँड काढला म्हणजे काय केलं ते सांगते, म्हणजे त्याला अक्कल किती लागते ते तुला कळेल.

आधी चौघांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून नाव ठरवलं. त्यात तीन संध्याकाळी आणि माझे दोन ताटं दालचिनीचे पाव गेले. मग त्या नावाचं चित्र काढलं, सगळी अक्षरं काट्यांसारखी. मग माझी जुनी पर्स न विचारता कापली, मनगटाला पट्टे केले, त्यांत खिळे ठोकले. मग खडीच्या खाणीत जाऊन फोटो काढले. हातात प्लायवुडची तलवार, आणि तोंडं अशी की चार दिवस पोट साफ नाही. एवढं सगळं उरकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ढोल बडवणारा जो यॉर्गन, त्याच्याकडे ढोलच नाहीत. बारसं झालं, आता बायको शोधा!

नाव इंग्रजी आहे. मेघगर्जनेचं शिंग, असा म्हणे अर्थ. पण परदेशातले बँड अक्षरांच्या डोक्यावर दोन टिंबं देतात, म्हणून यांनीही शिंगातल्या, म्हणजे ‘हॉर्न’मधल्या, ‘ओ’वर दोन टिंबं ठेवली. परदेशात ती शोभेची असतील, आपल्या स्वीडिशमध्ये ती वाचतात. टिंबं पडली की शिंगाचा कोपरा होतो, एवढं सहावीपर्यंत शिकलेल्या मलाही कळतं. गडगडाटी कोपरा! मी हसले तर तुझा स्टाफान म्हणतो, मावशी, जर्मनीत कोणी असं वाचणार नाही. जर्मनीत! अजून यांचा आवाज नदीपलीकडे गेलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. मी जिथं फरशा पुसते त्या लोकभवनाचं तळघर यांना मिळालंय, फुकट. कसं? तर यांनी अभ्यासमंडळाकडे जाऊन सांगितलं की आम्ही अभ्यासवर्ग आहोत. दर गुरुवारी तीन तास, किमान तीन विद्यार्थी, एक जाणती बाई वर्गप्रमुख आणि हजेरीची यादी. ती जाणती बाई म्हणजे मी. मला विचारलं नव्हतं. मंडळाचे हिल्डिंगसाहेब कागद घेऊन आले तेव्हा मी हातात फडकं घेऊन उभी होते. सही केली, कारण प्रमुख झाले तर किल्ली माझ्याकडे राहील आणि आठच्या ठोक्याला मी त्यांना हाकलू शकेन.

लोकरीचे मोजे पाठव. तुझा लोभ मोज्यांत भरून आला तरी चालेल.

तुझी
गुनवोर

• • •

स्टॉकहोम,
२८ सप्टेंबर १९८६

ती. गुनवोरताईस,
सोलवेगचा सा. न. वि. वि.

मोजे पाठवलेत. तुझं पत्र वाचून मी हसले नाही. ताई, मी एका माणसाला गाडीत अकॉर्डियन टाकून जाताना पाहिलंय. शनिवारच्या नाचाला वाजवून येतो म्हणून गेला, तो चौदा वर्षं येतोच आहे. त्याचीच हाडं या पोरात आहेत. जूनमध्ये गिरणीत जागा रिकामी होतेय, शाळेची हजेरी भरली तर ती स्टाफानला मिळेल. मला त्याच्यासाठी एवढंच हवंय: एक कपाट, एक डबा, महिन्याच्या महिन्याला पगार आणि रोज घरी परत येणं.

सोपं आहे. तू यादीवर सही करू नकोस. यादी नाही तर तळघर नाही, आणि तळघर नाही तर आठवड्यात चौघांची तोंडं चार दिशांना होतील. मी माझ्या कचेरीत रोज असे कागद पाहते. एका सहीवाचून जहाजं बंदरात अडकून पडतात, हा तर नुसता बँड आहे.

सांधे कसे आहेत? गुडघ्यांवर बसून पुसू नकोस, लांब दांडा वापर, असं मी दहादा सांगितलंय. मोठ्या बहिणीवर हुकूम सोडते म्हणून राग धरू नकोस. धरलास तर सोडूही नकोस, मला सवय आहे.

तुझी
सोलवेग

• • •

ओसफोर्स,
१६ नोव्हेंबर १९८६

चि. सोलवेग हिला,
आशीर्वाद. वि. वि.

मोजे छान आहेत. हुकूम मानला नाही. जे घडलं ते लिहायचं आणि जे घडलं नाही ते लिहायचं नाही, एवढंच मला येतं. ते गुरुवारी येतात, मी सही करते. पण तुझ्या पोराला एक अट घातलीय. आठवडाभर शाळेत होतास असं मास्तरच्या सहीनं आण, मग मी तळघराच्या यादीला हात लावीन. सहीला सही. पहिल्या आठवड्यात दोन दिवस कमी होते. मी किल्ली खिशात घालून वर बसले आणि पिवळ्या वाटाण्याचं सूप जेवले. चौघं पायऱ्यांवर थंडीत. पुढच्या आठवड्यापासून हजेरी पुरी.

मी विणकाम घेऊन तळघरात बसते. काय ऐकते ते विचारू नकोस. एकच तुकडा चाळीस वेळा, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी घसरतात. घसरले की तुझा लेक म्हणतो पुन्हा. यॉर्गनला कोणा चुलत्याचे ढोल मिळालेत, आता तो सगळ्यांच्या पुढं पळतो, जणू मागं पोलीस लागलेत. केंट चार तारांचं गिटार वाजवतो की नुसतं धरतो ते मला कळलेलं नाही. आणि गाणारा कॉन्नी! बोट दारात सापडल्यासारखा ओरडतो, ते मी एकदा बोललेच. तो खूश झाला. तसंच ओरडायचं असतं म्हणे. म्हणजे यांत अपमान करायचीसुद्धा सोय नाही.

गाणी सगळी राजे, पोलाद आणि धुक्याची. यांच्यातल्या कोणी राजा पाहिलेला नाही, पोलाद पाहिलं ते सायकलचं. मी म्हटलं, मी वर्गप्रमुख, मला अर्थ सांगा. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तू कचेरीत दिवसभर इंग्रजी वाचतेस, म्हणून त्यांचं सगळ्यात मोठं गाणं सोबत उतरवून पाठवते. अक्षरं पाहून पाहून काढलीत, चूक असली तर माझी.

स्टाफानचे केस खांद्यावर आलेत. तुझे लहानपणी होते तसे, पण तू विंचरायचीस.

तुझी रागीट आणि तरी तुझीच
गुनवोर

• • •

स्टॉकहोम,
२५ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक तुझी नाही. गाण्याचं पालुपद असं आहे: राजा, ऊठ, तुझ्या देवमाशाची वेळ झाली.

कचेरीत मी मोठ्यानं हसले, सगळे बघायला लागले. आपल्या भाषेत निवडीला आणि देवमाशाला शब्द एकच. राजाला मोठी निवड करायचीय असं त्या दिवट्याला म्हणायचं असणार. शब्दकोशात जो पहिला दिसला तो उचलला. पुढं ओळ आहे की दोन देवमाशांमधला एक तू घेशील, दुसरा तुला जन्मभर छळील. हा माझा मुलगा. इंग्रजीला माझ्याकडून शिकवणी घे म्हटलं की दार आपटायचा.

त्याला सांग. असं सांग की लाजेनं बँड बंद पडेल. तुला सही मोडायची नाही ना, मग हसं करून मोड.

लोभ आहे, आणि आज बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळं जरा जास्तच आहे.

तुझी
सोलवेग

• • •

ओसफोर्स,
८ फेब्रुवारी १९८७

चि. सोलवेग हिला,
आशीर्वाद. वि. वि.

सांगितलं. सूप जेवता जेवता सांगितलं. तुझा लेक कानापर्यंत लाल झाला, पण कॅसेटचं वेष्टण वाचनालयाच्या यंत्रावर आधीच छापून झालं होतं, चाळीस प्रती. मग यांनी काय ठरवलं असेल? गाणं देवमाशाचंच आहे! पहिल्यापासून होतं! आता राजा देवमाशावर बसतो. वेष्टणावर त्या काटेरी अक्षरांखाली देवमासा काढलाय, तो बटाट्यासारखा दिसतो. मोठमोठे बँड असेच सुरू झाले असतील, अशी माझी आता खात्री झालीय. आधी चूक करायची, मग तिच्यापुढं झेंडा लावायचा.

कॉन्नी मात्र म्हणाला, मी माशावर गाणार नाही. स्टाफान म्हणाला, देवमासा हा मासा नव्हे. यावर दीड तास भांडले आणि कॉन्नी बँड सोडून गेला. सोडण्यासाठी एवढं कारण पुरतं, तरी तुला सहीची काळजी! जानेवारीत केंटला सैन्यातून बोलावणं आलं, वर्षभरासाठी गेला. यॉर्गन म्हणतो, नुसता धरतो असं वाटायचं, पण आता कमी पडतं खरं.

उरले दोन. नियम तिघांचा. मी प्रमुख, माझं डोकं मोजत नाहीत. हिल्डिंगसाहेबांनी चिठ्ठी पाठवलीय, १२ मार्चच्या गुरुवारी सहा वाजता येऊन डोकी मोजणार. तीन नसली तर तळघर चिनी मातीवर फुलं रंगवणाऱ्या बायकांना. मी खोटं तिसरं नाव लिहिणार नाही हे मी स्टाफानला सांगितलं. त्यानं मागितलंही नव्हतं.

म्हणजे तुझ्या मनासारखं झालं. मेणबत्ती लाव.

गुनवोर

• • •

स्टॉकहोम,
१ मार्च १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मेणबत्ती लावणार होते, तेवढ्यात चिरंजीवांचं पत्र आलं. गिरणीत जूनपासून जाईन, पण तळघर मिळो न मिळो, बँड सोडणार नाही, कुणाच्या तरी बटाट्याच्या कोठारात वाजवीन, म्हणतो. बापानंही असंच लिहिलं होतं, शब्द वेगळे असतील.

मी १२ तारखेला येते. साहेबांच्या समोर त्याला सांगते काय सांगायचं ते, आणि परतीच्या गाडीनं निघते. तू मध्ये पडू नकोस. जेवायला थांबणार नाही. लोभ ठेव, कॉफी ठेव, बाकी काही करू नकोस.

सोलवेग

• • •

ओसफोर्स,
१५ मार्च १९८७

चि. सोलवेग हिला,
आशीर्वाद. वि. वि.

घसा बसला असेल. मधाचं कोमट पाणी घे.

तू काय केलंस ते तुला माहीत आहे. माहीत नाही ते मी लिहिते. तू पाच वाजता तळघरात शिरलीस ती बोलतच शिरलीस. सहाला हिल्डिंगसाहेब आले आणि खाली न उतरता पायरीवरच थांबले. मला हळूच म्हणाले, गुनवोरबाई, नवी गाणारी मिळाली वाटतं, दम आहे आवाजात. मी म्हटलं, ती त्याची आई. ते म्हणाले, नियमात वयाची अट नाही. आणि त्यांनी बोटानं मोजली: एक, दोन, तीन.

मग मी कागद तुझ्यापुढं धरला आणि म्हटलं, इथं सही कर. तू त्याला गाढव म्हणत होतीस, त्या शब्दाच्या मधोमध माझ्या हातातलं पेन घेऊन सही केलीस. वाचलं नाहीस. मी तो कागद दोनदा वाचला होता, ओळीखाली बोट ठेवून, कारण मी सहावीची. तीन ओळी होत्या. आज वर्गात हजर, तीन तास, चर्चेत भाग घेतला. आठला मी किल्ली वाजवेपर्यंत तू बोलतच होतीस. सांग, यांतलं खोटं काय? भाग तर तू एवढा घेतलास की यॉर्गन टोपीत तोंड लपवून बसला होता. बंदरात जहाजं अडवणारी बाई तू! वाचत जा गं.

का केलं म्हणून विचारशील. बँड चांगला आहे म्हणून नाही. वाईट आहे, आणि कॉन्नी गेल्यापासून नुसता वाईट नाही, मुका आणि वाईट आहे. पण मी त्या इमारतीत सव्वीस वर्षं फरशा पुसतेय. स्पॅनिश शिकणारे आले, बुद्धिबळवाले आले, नाटकवाले तर दोनदा आले. सुरुवात सगळ्यांनाच येते. नोव्हेंबर आला, बर्फ पडलं, की एकेक खुर्ची रिकामी आणि मी दिवा बंद करते. हे दोघं फेब्रुवारीत, उणे वीसमध्ये, गाणारा नसताना येत होते आणि तोच तुकडा घसरेपर्यंत वाजवत होते. मला ते आवडलं नाही. पण असं मी तिथं पाहिलं नव्हतं.

आणि एक. तू ओरडलीस की बापासारखाच जाशील. तेव्हा त्यानं काहीतरी उत्तर दिलं, तुझ्या आवाजात ते बुडालं. मी जवळ होते, मी ऐकलं. तो म्हणाला, बाबांना वाजवता येत होतं. मला येत नाही, मी कुठं जाणार?

गिरणीचं पक्कं आहे, मास्तरनं लेखी दिलंय. आता नियम ऐक. जो विद्यार्थी सलग तीन गुरुवार चुकवतो त्याचं नाव कापतात. त्या सहीनं तूही विद्यार्थी झालीस, तुझं नाव कापलं की उरतील दोन, आणि दिवा मी बंद करीन. १९ चुकव, २६ चुकव, २ एप्रिलला घरी बसून राहा. बस्स. एवढ्यानं बँड मरेल. मी मध्ये पडणार नाही, स्टाफानला काही सांगणार नाही, तुझ्या वाट्याची खुर्ची पुसून ठेवीन आणि रिकामी राहिली तर तसं लिहीन.

लोभ तुझ्या मर्जीचा. माझा आहे तिथंच आहे.

गुनवोर

• • •

स्टॉकहोम,
३० मार्च १९८७

ताई,

कार्डावर जागा कमी आहे म्हणून नमस्कार गाळते, रागावले आहे म्हणूनही गाळते. फसवलंस. गुरुवारी दोन एप्रिलला चार दहाच्या गाडीनं येतेय. गैरसमज नको, मी फक्त भांडायला येतेय, त्या दिवशी माझं अर्धं बोलायचं राहिलं. तीन तास लागतील. खाली ओल असते, पायांना थंडी वाजते, एक सतरंजी टाकून ठेव. आणि त्याला सांग, देवमाशाच्या गाण्याचं दुसरं कडवं व्याकरणानं पार चुकलंय, आईसमोर तसलं कोणी गाता कामा नये.

लोभ गुरुवारी पाहू.

सोलवेग