राबाचा धूर आणि दोन विद्वान

प्रिय काशिनाथ,

तक्रार गंभीर आहे. सभेत मला डुलकी लागली की कोपर मारणारा तू गेलास, आणि काल मोखाड्यात मी भरसभेत घोरलो. व्यासपीठाने ती दाद समजून स्वीकारली.

गेलेल्या माणसाला पत्र कशाला, म्हणशील. पण कालचं कोणाला सांगू? विषय होता, पृथ्वी का तापते. वीज गेलेली, म्हणून दारात डिझेलचा जनरेटर भकभकत होता. पडद्यावर बर्फ वितळत होता, तो त्याच्याच जोरावर.

शहरातून दोन विद्वान आलेले. एक म्हणाले, माणसाच्या धुराने तापते. कोळसा, पेट्रोल, जंगलतोड. दुसरे म्हणाले, छे, ही सूर्याची लहर, असे फेरे पूर्वीही आलेत. तासभर जुंपली. पहिल्यांचं मला पटत होतं रे. मग कोणीतरी विचारलं, आम्ही इथे काय करावं? तर दोघांचं एका क्षणात एकमत: राब भाजणं बंद करा. सूर्यालाही बहुधा राबानेच डिवचलं असावं!

न्यायशास्त्रात आम्ही घोकलं, जिथे धूर तिथे अग्नी. यांचं शास्त्र पुढे गेलंय. जिथे गरीब, तिथे अपराध.

रोपासाठी जमिनीच्या तुकड्यावर पाला, शेण पसरून तू राब पेटवायचास, तण मरावं आणि राखेत नाचणी जोमाने उगवावी म्हणून. धूर माझ्या धोतराला लागला की म्हणायचास, "मास्तर, आज तुमचा होम झाला." आम्ही तूप जाळलं तर पुण्य, तू पाला जाळलास तर पृथ्वी तापली!

तुझी बायको सोमी, आमच्या वहिनी, उभी राहिली. "साहेब, राब नाय भाजायचा, त रोप कशात करू?"

"पर्याय शोधा, मावशी."

"शोधते. पण तुमची गाडी तवापासून बाहेर चालूच हाय. कोण बसलाय का तीत?"

कोणी नव्हतं. साहेब परततील तेव्हा आत गारवा हवा, म्हणून ड्रायव्हरने चालू ठेवलेली. सभा हसली. साहेबांनी पाणी मागितलं.

घरी येईपर्यंत मात्र वहिनींचं हसू मावळलं. वाटेत कोणीतरी सांगितलं, आता राबाला दंड बसणार. वहिनी म्हणतात, यंदा राब राहू दे. तू असतास तर एक शिवी हासडून विषय संपवला असतास. नेमकं आत्ताच जायचं होतं तुला?

वचन देतो. राब भाजायच्या दिवशी मी वहिनींच्या बांधावर उभा राहीन. जो विचारायला येईल, त्याने आधी माझ्याशी बोलावं.

पण पावसाचं वचन कुठून देऊ? गेली दोन वर्षं रोप लावणीला आलं की तो गडप होतो. पहिले विद्वान खरं बोलत असतील, तर त्यांच्या शहराचा धूर आपल्या डोंगरावर येऊन बसलाय, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. तुझी नात आता चालायला लागली आहे. कुपोषणाच्या त्या साली शेजारच्या वावर-वांगणी गावांत अन्नावाचून गेलेली पोरं तू आणि मी पाहिली. नाचणी पुन्हा बुडाली, तर हिला काय खायला घालायचं, मला माहीत नाही. मला भीती वाटते, काशिनाथ.

तुझा,
मास्तर