बिस्किट अंगणात राहायला गेली

केल्विन,

काचेची पेटी रिकामी दिसली म्हणून बोंब मारू नकोस, आपली घोरपड पळालेली नाही. बिस्किट आता मागच्या अंगणात राहते, मी एकटीनं बांधलेल्या पिंजऱ्यात! दर वेळी खाणीवरून येऊन तू म्हणायचास, "पुढच्या सुट्टीत बांधतो, नक्की." इकडे तिची शेपटी पेटीत मावेना. खालून उकरून पळू नये म्हणून जुन्या टाकीचे पत्रे पिंजऱ्याभोवती मांडीभर खोल पुरलेत. उकरून उकरून दमली बिचारी. आज पहिल्यांदाच खऱ्या उन्हात पोट टेकून पसरली आणि अख्खा उंदीर गिळला. शेजारच्या मेव्हिसकडे फोटो मिरवायला चाललेय. मटण ओव्हनमध्ये आहे.

तुझ्या कुदळीचा दांडा मोडला. नवा बसवते. पुढच्या सुट्टीत, नक्की.

तुझी बायको,
ग्लेनिस