वेगाचे कॅमेरे, घंटांचे मनोरे आणि मेबल मावशींची गाडी

वेस्ट थर्लिंग, नॉरफोक
गुरुवार, १४ ऑक्टोबर २०१०

तीर्थरूप मेबल मावशी यांना लायनेलचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वाचायला त्रास होत नाही ना? टपाल वेळेवर येतं ना? पोस्टमन तोच आहे की बदलला? आलेली पाकिटं तुम्ही लगेच फोडता की चहा झाल्यावर, हे आपलं सहज विचारतोय. आम्ही दोघं मजेत आहोत. ब्रेंडाने सफरचंदांचा मुरंबा केला आहे, त्यातल्या दोन बरण्या तुमच्या नावाने बाजूला ठेवल्या आहेत (एकूण तीन आहेत). तुमची गाडीही ठणठणीत आहे. तुम्ही ती मला दिलीत त्याला दीड वर्ष झालं, पण एवढ्या दिवसांत तिने कधी कुरकुर केलेली नाही. करायची ती मीच करतो.

माझ्या लायसन्सची रडकथा तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्यावर वेगाने गाडी हाकल्याबद्दल दंडाचे नऊ पॉइंट बसले आहेत. आणखी तीन बसले की बारा होतात, आणि बारा झाले की सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणाचं यात फारसं बिघडलं नसतं, पण मी पडलो पियानो सुरात लावणारा. माझे पियानो कुठे असतात, तर जिथे मंगळवारी सकाळी एक बस जाते आणि शुक्रवारी दुपारी परत येते अशा गावांत. माझ्या हत्यारांच्या पिशवीचं वजन एका लहान मेंढीएवढं आहे. त्यात हे नाताळच्या आधीचे दिवस, म्हणजे शाळा, चर्चहॉल आणि पब या सगळ्यांना आपला पियानो वर्षभर बेसूर होता हे एकदमच आठवतं. थोडक्यात, लायसन्स गेलं की धंदा गेला. गाडी चालवायचे धडे घेऊन पॉइंट चुकवायची एक सवलत असते, तीही मी गेल्या वर्षी वापरून बसलो. (एका हॉटेलात चार तास बसवून त्यांनी आम्हाला सांगितलं की वेग म्हणजे धोका. बिस्किटं चांगली होती.)

म्हणून ऑगस्टमध्ये ब्रेंडाने मला वाढदिवसाला ते काचेला चिकटवायचं रस्ता सांगणारं यंत्र आणलं. त्यातली बाई फार सभ्य आहे. चुकीच्या वळणावर गेलो तरी आवाज चढवत नाही, आणि असा अनुभव मला गाडीत यापूर्वी नव्हता. पण या बाईला कॅमेरे कुठे आहेत ते माहीत नसतं, ते तिला आपणच सांगावं लागतं. त्यासाठी इंटरनेटवर काही हौशी मंडळी देशभरातल्या कॅमेऱ्यांची यादी करून ठेवतात. ती उतरवून घ्यायची, वायर लावून यंत्रात घालायची, आणि कॅमेरा किती यार्डांवर आला की कोणता आवाज काढायचा ते यंत्राला नेमून द्यायचं. वाचायला एवढंच आहे. मला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी यंत्र कॉम्प्युटरला ओळखेना, दुसऱ्या रविवारी कॉम्प्युटर यंत्राला, आणि तिसऱ्या रविवारी दोघांची ओळख पटली तोवर ब्रेंडा माझ्याशी बोलेनाशी झाली होती.

इथवर गोष्ट सरळ होती. मग गॉडफ्री आला. हा आमच्या चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजवणाऱ्या मंडळातला सगळ्यात मोठ्या घंटेचा मानकरी, पूर्वी गुरांचे लिलाव पुकारायचा, त्यामुळे अजूनही प्रत्येक गोष्ट शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी सांगतो. तो म्हणाला, "अरे, कॅमेऱ्यांची यादी काय घेऊन बसलास! वाजवण्यासारख्या घंटा असलेल्या सगळ्या मनोऱ्यांची यादी मिळते. तीही घाल. सहलीला कामाला येईल." आमच्या मंडळाची सहल म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. एका दिवसात सहा गावचे मनोरे, प्रत्येकी पाऊण तास वाजवायचं, मध्ये पबमध्ये जेवण, आणि सगळ्या वेळा त्या त्या गावच्या पाद्रीबाबांकडून दोन महिने आधी ठरवून घेतलेल्या. दहा मिनिटं उशीर झाला तर पुढच्या चर्चमध्ये एखादं लग्न लागत असतं.

तेव्हा मी मनोऱ्यांची यादीही घातली. कॅमेऱ्याला भोंगा आणि मनोऱ्याला घंटा, असे आवाज नेमायचे ठरवले होते. पण यंत्रातली घंटा ऐकली आणि माझं डोकंच फिरलं. ती पाव सूर उतरलेली होती! मावशी, तीस वर्षं मी दुसऱ्यांचे सूर जागेवर आणून पोट भरतोय, मला ते सोसेना. दुसरी घंटा ऐकली, ती चढलेली. तिसरी फुटकी. अशा अकरा घंटा ऐकून त्यातली बरी निवडली, आणि या सगळ्या भानगडीत कोणता आवाज कोणत्या यादीला लागतोय ते बघायचं राहून गेलं. माझे कान पूर्ण कामात होते. डोळ्यांना मी सुट्टी दिली असावी.

सहल दोन तारखेला, शनिवारी निघाली. पुढे मी, शेजारी ब्रेंडा, मागे गॉडफ्री आणि त्याचा डबा, आणि आमच्यामागे बाकीच्या मंडळाची गाडी. पहिल्याच मैलावर भोंगा वाजला. मी कचकन ब्रेक दाबून पंचवीसवर आलो आणि कॅमेऱ्याची पिवळी पेटी शोधू लागलो. पेटी दिसेना. डावीकडे एक चर्च होतं, बाकी नुसतं कुंपण. दोन मैलांवर पुन्हा भोंगा, पुन्हा ब्रेक, पुन्हा एक चर्च. आमच्या भागात दर दोन मैलांवर चर्च आहे याचा मला आयुष्यभर अभिमान वाटत आला, तो त्या सकाळी बराच उतरला. चौथ्या भोंग्याला गॉडफ्री गरजला, "पोलिसांनी हल्ली देवाच्या दारातच बसायचं ठरवलंय वाटतं!" आणि आम्हा तिघांनाही ते पटलं. पोलिसांबद्दल काहीही सांगा, गाडी चालवणाऱ्या माणसाला ते पटतं. आमच्या ठरलेल्या पहिल्या मनोऱ्याच्या अंगणात शिरतानाही भोंगा वाजला, तर आम्ही म्हटलं, बघा, इथेसुद्धा सोडत नाहीत. मागच्या गाडीतले लोक उतरून मला काय बोलले ते लिहीत नाही. चर्चचं आवार होतं, तरी बोलले.

असं पंचवीसच्या वेगाने अर्धं नॉरफोक पार करून दुपारी आम्ही पाचव्या मनोऱ्याला चौदा मिनिटं उशिरा निघालो होतो. ब्रेंडा म्हणाली, "लायनेल, आता जरा पाय दाब. तीन वाजता त्यांच्याकडे बाळाचा नामकरणविधी आहे." मी पाय दाबला. रस्ता मोकळा, ऊन छान, आणि एका वस्तीत शिरता शिरता दिवसभरात पहिल्यांदाच यंत्रात घंटा वाजली. इतकी सुरेल वाजली म्हणून सांगू! गॉडफ्रीने डबा बाजूला टाकला. "मनोरा! इथे? माझ्या वहीत इथे मनोराच नाही!" घंटा वाजवणाऱ्याला न वाजवलेला मनोरा सापडणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? मी डावीकडे वर बघू लागलो, ब्रेंडा उजवीकडे वर, गॉडफ्री मागच्या काचेतून वर. तिघांच्या माना आभाळाकडे. खाली तीसच्या मर्यादेची पाटी होती. काटा एक्केचाळीसवर होता. मागून लख्ख उजेड पडला, एकदा आणि लगेच पुन्हा एकदा.

"वीज चमकली," गॉडफ्री म्हणाला.

"वीज पिवळ्या पेटीतून चमकत नाही," ब्रेंडा म्हणाली, आणि यंत्र उचलून बघितलं. भोंगा मनोऱ्यांना लागला होता आणि घंटा कॅमेऱ्यांना. पुढचे सहा मैल मी हिशेब करत होतो, नऊ आणि तीन. पाचव्या मनोऱ्यावर वाजवताना मी तीन वेळा चुकलो. नामकरणाला आलेलं बाळ तेवढं खूश होतं.

तर असं आहे. त्या पेटीत कधी कधी फिल्मच नसते म्हणतात. नुसताच उजेड पाडतात आणि पुढे काही येत नाही. नोटीस चौदा दिवसांत पोहोचली नाही तर ती बाद होते म्हणतात, आणि आज बारावा दिवस आहे. बारा दिवस मी सकाळी दारात उभा राहून पोस्टमनकडे हसून बघतोय, तो आता पलीकडच्या फुटपाथने जातो. बाकी सर्व क्षेम. ब्रेंडाचा नमस्कार.

तुमचा भाचा,
लायनेल मॉब्ज

ता. क. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. गाडी तुम्ही मला दिलीत, पण कागद अजून तुमच्याच नावावर आहेत. तो फॉर्म भरून पाठवायचं मी दीड वर्ष उद्यावर टाकत आलो. त्यामुळे नोटीस आली तर ती माझ्याकडे येणार नाही, तुमच्याकडे येईल, हे माझ्या डोक्यात काल प्रकाशलं. (पोस्टमनकडे उगाच हसलो.) गाडी कोण चालवत होतं, असं त्यात विचारलेलं असतं. मावशी, तुमचं वय त्र्याऐंशी. तुम्ही गाडी चालवत नाही. तुमच्या लायसन्सवर तीन पॉइंट बसले तर तुम्हाला डास चावल्यासारखंही वाटणार नाही. तेव्हा तिथे तुमचंच नाव घातलंत तर एका गरीब माणसाचा धंदा वाचेल. विचार करावा. मुरंब्याच्या तिन्ही बरण्या तुमच्याच आहेत.

दुसरा ता. क. ब्रेंडाने वरचं वाचलं. टेबल पुसताना म्हणे दिसलं. म्हणाली, "चाळीस वर्षं हेडमास्तरीण होत्या त्या. पोरांच्या खोट्या चिठ्ठ्या पकडण्यात आयुष्य गेलं त्यांचं, आणि तू त्यांना खोटी सही करायला सांगतोस? लाज नाही वाटत?" मग म्हणाली की तुम्ही लायसन्स मागच्या वर्षीच परत पाठवलंय, म्हणजे लबाडी चालणारीही नव्हती. मला आधी दुसऱ्या मुद्द्याने पटलं, पहिला जरा उशिरा पोहोचला. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट आलं तर नुसतं मला फोन करा. टपालाला दोन दिवस जातील म्हणून हे पत्र स्वतःच आणून देतोय. मनोऱ्यांची यादी यंत्रातून काढली आहे.

तिसरा ता. क. हे तुमच्या दारात, तुमच्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय. एकतीस मैल आलो, कुठेही पाटीच्या वर काटा जाऊ दिला नाही. वाटेत एक शववाहिनी मागून आली, थोडा वेळ थांबली आणि मला ओलांडून गेली. तुम्ही घरी नाही. शेजारच्या मिसेस पेग सांगतात, गुरुवारी तुम्ही पत्ते खेळायला जाता.

दारातल्या टपाल टाकायच्या फटीतून आत बघितलं. पायपुसण्यावर एक पाकीट पडलंय, लांबट, खिडकीचं. कोपऱ्यात पोलिसांचा शिक्का आहे. आज बारावाच दिवस.

मावशी, तुमच्यापासून काय लपवायचं? पियानोत पडलेल्या पेन्सिली काढायचा माझा लांब आकडा पिशवीत होता. मी तो फटीतून आत घातला. पाकीट अर्धं वर आलंही, तेवढ्यात मिसेस पेग कुत्र्याला घेऊन मागे उभ्या. म्हणाल्या, "काय हो, पियानो आत अडकलाय का?" मी म्हटलं, नाही, मावशींना पत्र टाकतोय. त्या म्हणाल्या, "पत्र बाहेरून आत जातं," आणि निघून गेल्या. त्या गेल्यावर मला कुणीच बघत नव्हतं आणि पाकीट आकड्यावरच होतं. वर तुमचं नाव, मिस एम. लार्टर. मला खरंच लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. आकडा उलटा फिरवला आणि ते जिथे होतं तिथे पडू दिलं.

आता हे पत्र त्याच्यावर टाकतो, म्हणजे दोन्ही तुम्हाला एकदमच सापडतील. कोण चालवत होतं, या प्रश्नासमोर माझं पूर्ण नाव घाला, लायनेल आर्थर मॉब्ज, आणि आजच्या आज पाठवा. तुमचं उत्तर पोस्टात पडण्याआधी पुन्हा तुमच्या दारात पोहोचण्याइतका मी जवळ राहत नाही ते बरंच आहे. मनाचा भरवसा नाही.

निघतो. जाताना समुद्राकडच्या लांबच्या रस्त्याने जाईन म्हणतो, सावकाश. तुमचं उत्तर पोलिसांच्या हाती पडेपर्यंत तरी लायसन्स माझंच आहे.