तुमचं विमान तापलं तर कोठी उभं करता?

अमरावती,
रविवार

प्रिय दीपमाला,

टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र बार्शीटाकळीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. तुझ्याच हातात पडेल असं त्याने कबूल केलं आहे. फोन केला असता, पण तो तुझे पुंजाराममामा उचलतात, आणि त्यांच्याशी बोलायला लागलो की मी पुन्हा विमानावर जातो. आज सकाळी त्यांचाच फोन आला होता. बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली, म्हणूनच हे पत्र. ती शेवटी लिहितो. आधी हे.

मी पायलट नाही.

अमरावतीत एका सायबर कॅफेत बसतो. पोरांना तासावर कॉम्प्युटर देतो, प्रिंटा काढून देतो, आणि गिऱ्हाईक नसलं की विमानाचा गेम खेळतो. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं असतात त्यात. उन्हाळ्यात आई तेल्हाऱ्याहून आली होती. पडद्याकडे पाहून म्हणाली, "काय करून राहिला रे?" मी म्हटलं, विमान चालवून राहिलो. हसत म्हटलं होतं. पण त्याच्या आधी दोन ठिकाणचे पाहुणे "नुसती कपाशीच हाय का?" म्हणत अर्धा चहा टाकून गेले होते. या दिवसांत वावरवाल्याच्या घरी पोरगी द्यायला कोण धजतं, तुला माहीत आहे. आईने माझं वाक्य उचललं आणि बार्शीटाकळीला तुमच्या घरी नेऊन ठेवलं. तिला ते खरंच वाटलं की तिने वाटून घेतलं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

तुमच्याकडे येताना मी ठरवून आलो होतो की खरं सांगायचं. पण मामा! सारा जन्म एसटी चालवण्यात गेलेला माणूस. बसल्या बसल्या म्हणाले, "जावईबापू, आमची गाडी घाटात तापली त बाजूले लावतो, पाणी टाकतो. तुमचं विमान तापलं त कोठी उभं करता?" सगळे हसले. दाराआडून तूही हसलीस, मी पाहिलं. आणि मला उत्तर येत होतं गं. बारावी नापास, आयटीआय अर्धवट, सुरत झालं, पुणे झालं, कुठे टिकलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला येणारा प्रश्न विचारला होता.

मग सुटलोच मी. पंखाखाली रेडिएटर असतो, त्याला झडप असते. झडप उघडली की वारा आत खेळतो, इंजिन निवतं, पण तीच झडप वाऱ्याला आडवी येते आणि वेग मरतो. मिटली तर विमान पळतं, पण इंजिन तापत जातं. मामांना म्हटलं, बसच्या खिडकीबाहेर हात काढा, तळवा आधी पालथा, मग वाऱ्यासमोर उभा. कधी जास्त ढकलला जातो? मामांनी बसल्या जागी हात काढून पाहिला. गेमच्या जुन्या आवृत्तीत हे सगळं खोटंच होतं बरं का. झडप सताड उघडी ठेवली तरी वेग जेमतेम कमी व्हायचा, आणि तापलेलं इंजिन क्षणात गार. नव्या आवृत्तीत सुधारलंय. आता निवायला वेळ लागतो, आणि तोवर मागचा गोळी घालतो. बघ, पुन्हा तिकडेच चाललो.

तेव्हा मामा तुझ्या बाबांना म्हणाले, "मोतीराम, पोरगं खरं हाय. खोटं बोलणाऱ्याले इतकं बारीक सुचत नाही." तिथेच तोंड उघडायला हवं होतं. मी महायुद्धातल्या विमानाचं सांगत होतो, आजच्या प्रवासी विमानाला तसली झडपच नसते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी पोह्यांची दुसरी बशी घेतली. आईच्या बोलण्याची मला लाज वाटत नाही, दीपमाला. सगळे माझ्याकडे तसे बघत होते, ते मला आवडलं, त्याची वाटते. साक्षगंधाची तारीख ठरली तेव्हाही मी मान खाली घालून गोड हसत होतो.

आता मामा सकाळी काय म्हणाले ते. "दीपाले नर्सची ऑर्डर आली सेमाडोहची. पण पायलटची बायको जंगलात काहून जाईन? तिनंच नाही म्हणाचं ठरवलं." बुधवारपर्यंत हजर व्हायचं आहे म्हणे. तू जा. हे पत्र बाबांना वाचून दाखव, मामांना दाखव, लग्न मोड, मला काय बोलायचं ते बोल. आईला सांगायला मी आज संध्याकाळी तेल्हाऱ्याला निघतोच आहे. पण आधी बॅग भर, परतवाड्याची गाडी धर आणि बुधवारी सेमाडोहच्या दवाखान्यात सही कर. मला उत्तर लिहायच्या भानगडीत त्याला उशीर करू नकोस.

'तुझाच' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच,
नागसेन