डाव्या पायाचा मोजा

४ जानेवारी १९६५, जानेफळ
मेहकरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. हे सोबत, पण बाहेर बाकावर. डाव्या पोटरीच्या शिरा फुगल्यात. फळ्यापाशी दिवसभर उभं राहण्याचं बक्षीस. गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा दिला, हलक्या दाबाचा म्हणे. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पडल्यापडल्याच चढवायचा. झोपताना काढायचा.
"दुर्लक्ष केलं की घोट्याच्या वर कातडी काळी पडते, मग जखम होते. लवकर भरत नाही. पाहिलीय कधी?"
नाही म्हणाले. सासूबाईंच्या पायाला तीच जखम आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून चिंध्या बांधतात. आणि मी नाही म्हणाले.

५ जा.
पारोशानं मोजा कसा चढवायचा? आमच्याकडे आंघोळीशिवाय चुलीला हात लागत नाही. झाडलोट, पाणी, आंघोळ, मग बसले. तोवर पाय सुजलेला. मोजा चढेना. वरची कड काचते म्हणून गुंडाळून खाली सारली.

७ जा.
गुंडाळलेली कड पोटरीत रुतली. शाळेतून आले तर दोरी बांधल्यासारखा वळ, खाली पाय टम्म. डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.
सासूबाई : "पायाले काय झालं व माय?"
मुरगळला म्हटलं. खोटं बोलायची सवयच लागली मला.

१५ जा.
काल हळदीकुंकू. शाळेतल्या बाया येणार, घोट्याशी दिसला तर? मोजा काढून ठेवला. दिवसभर उभी. रात्री ठणका.
सासूबाई सवाष्ण, पण बाहेर आल्या नाहीत. गेल्या वर्षी मीच म्हटलं होतं, "पायाचा वास येतो, तुम्ही आत बसा." यंदा सांगावं लागलं नाही. तिळगूळ देताना माझी मलाच लाज वाटत होती.

१७ जा., रविवार
उजाडताना जाग आली तर सासूबाई पायथ्याशी, हातात मोजा. ह्यांनी सांगून टाकलेलं दिसतं.
"उठायच्या आंधी घालाले सांगतलं ना डॉक्टरनं? मंग काऊन आंघोयीची वाट पाह्यतं?"
"पारोशानं कसं..."
"दुखन्याले कायचं पारोसं? पाय इकडं कर."
सासूबाईंनी माझा पाय धरायचा? ओढून घेतला. त्यांनी परत धरला. सावकाश चढवला, सुरकुती राहू दिली नाही, कड गुंडाळली नाही. मग खाली बघत, हळूच,
"माह्या पायाले असं काही भेटीन का व?"
विचारते म्हटलं. डोळे वर करवेनात.

१८ जा.
आज पडल्यापडल्या घातला. संध्याकाळी पाय बराच हलका.
हे म्हणाले, "येत्या रविवारी आईला मेहकरला नेऊ. तू आत जा तिच्यासोबत." चिंध्या सोडल्या की डॉक्टर आधी जखमेकडे बघतील, मग माझ्याकडे. दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यावं का... छे.
सासूबाई खुशीत. नवं पातळ काढून ठेवलंय. म्हणाल्या, "मले तं डॉक्टरपुढं बोलता येत नाही बाई. तूच सांगजो, कवापासून हाय ते."